योशिकिरीचं मागचं दार

१

इनुईंच्या टोफूच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी फोटो चिकटवून गेलं होतं. सकाळी सात वाजता मित्सुए तिथं पोचली, तेव्हा म्हातारा तेत्सुजी ओल्या फडक्यानं तो खरवडत होता. डिंक चिवट होता. अर्धा कागद निघाला, आणि मागं राहिला तो नेमका मुलीचा चेहरा.

खाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'दार हिनेच उघडलं.'

"राहू द्या, इनुईदादा. मी काढते."

"तुम्ही कशाला? माझ्या पोरीचं तोंड आहे. मीच पुसतो," म्हातारा म्हणाला. पण त्याचा हात काही पुढं सरकेना. फडकं पिळत तो पायरीवर बसला.

मित्सुए कुरेबायाशी ओकायामाच्या पोलिसात चौतीस वर्षं होती. निवृत्तीला आठ महिने उरले असताना तिच्याकडे हे काम आलं होतं. आगीत गेलेल्यांच्या घरी जायचं, त्यांच्या वस्तू पोचवायच्या, ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. बहुतेक प्रश्नांना उत्तरं नसतातच, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आग लागून चाळीस दिवस झाले होते. नदीकाठच्या योशिकिरी स्टुडिओत एप्रिलच्या एका गुरुवारी सकाळी एक माणूस मागच्या दारानं शिरला, बादलीभर पेट्रोल जिन्याखाली ओतलं आणि काडी लावली. तिथली माणसं हातानं चित्रं काढून सिनेमे करत. अकरा जण वाचले, सात जण गेले. तो माणूस स्वतःही भाजला आणि रस्त्यातच पकडला गेला. शुद्धीवर आल्यावर त्यानं एकच गोष्ट सांगितली: दार उघडंच होतं.

ते दार कधीच उघडं नसे. बाहेरून आत जायचं तर आकडे दाबावे लागत. मग ते उघडलं कुणी?

याचं उत्तर लोकांनीच ठरवून टाकलं होतं. गल्लीसमोरच्या लाँड्रीवाल्याचा एक कॅमेरा होता. कुणी सायकल लावली की तो आपोआप फोटो काढी. त्यातला एक फोटो टीव्हीवर झळकला: इनुई साहो, वय एकोणतीस, दोन्ही हातांत मोठं खोकं, आणि तिच्यासमोर उघडं मागचं दार, आत नुसता काळोख. कोपऱ्यात वेळ होती दहा चोवीस. आगीची घंटा वाजली दहा एकोणतीसला. एवढ्यावर लोकांनी सगळी गोष्ट रचली. दार तिनंच उघडलं. कुणी म्हणे ती त्या माणसाला ओळखत होती. कुणी तर म्हणे खोक्यात पेट्रोलच होतं.

"खोक्यात टोफू होता हो," म्हातारा म्हणाला. हे तो चाळीस दिवस सांगत होता. "तळलेला, आलं घातलेला. दर गुरुवारी न्यायची सगळ्यांसाठी. आणि माझ्या दुकानातून ती निघाली दहा वीसला. सायकलवर दहा-बारा मिनिटं लागतात. चोवीसला तिथं पोचायला काय पंख होते तिला?"

"हे तपासाच्या लोकांना सांगितलंत?"

"सांगितलं की. लिहूनही घेतलं. पण बापाच्या घड्याळाला कोण विचारतो?"

मित्सुएनं पिशवीतून लिफाफा काढला. पोलिसांनी परत केलेल्या वस्तूंची यादी त्यात होती. म्हाताऱ्याची सही घ्यायची होती. तिनं सवयीनं यादी वाचून दाखवायला घेतली. किल्ल्यांचा जुडगा. मनगटी घड्याळाची पट्टी. बूट, एक जोडी, नाडीचे, तळवे वितळलेले.

ती थबकली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

साहो सापडली होती वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. आणि स्टुडिओत कुणीही बूट घालून वावरत नसे. दाराशी बूट काढायचे, सपाता घालायच्या, मगच आत. जे वाचले ते सगळे सपाता घालून नाहीतर अनवाणीच बाहेर आले होते.

"दादा, तुमच्या मुलीला घाईत बूट काढायचं विसरायची सवय होती का हो?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "तिला? दुकानात माझ्या बुटाला चिखल असला तर ती मला बाहेर उभं करायची, बाई."

२

स्टुडिओचा व्यवस्थापक मोरिवाकी भाड्याच्या एका खोलीत बसून दिवसभर फोन घेत असे. डावा हात पट्ट्यांत गुंडाळलेला. मित्सुएला बघून तो उठला, पुन्हा बसला.

"पुन्हा दाराचंच ना, मॅडम? मी सांगितलंय सगळं. साहोची सवयच होती ती. मागनं यायची, हात भरलेले असायचे, दार नीट ओढून घ्यायची नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण..."

"पण बोललात. टीव्हीवरही बोललात."

"त्यांनी विचारलं म्हणून बोललो."

"दाराचा आकडा काय होता?"

मोरिवाकीनं चार आकडे सांगितले. मित्सुएनं ते वहीत लिहिले, मग मागचं पान उलटलं. "इनुईंच्या घरी साहोच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी होती. 'स्टुडिओ, मागचं दार' असं लिहून चार आकडे. ते वेगळे आहेत."

त्यानं हातावरच्या पट्टीचं टोक ओढून घट्ट केलं. बाहेर भाजीवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली.

"आकडा बदलला होता," शेवटी तो म्हणाला. "सोमवारी."

"का?"

"फोन येत होते. कुणीतरी म्हणायचं, माझी गोष्ट चोरलीत, बघून घेईन. असे वेडे फोन येतातच, मॅडम, आमच्या धंद्यात. मी मालकांनाही सांगितलं नाही. उगाच घाबरतील म्हणून. आपल्यापुरता आकडा बदलला आणि आतल्या भिंतीवर कागद लावला."

"म्हणजे धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यानं समोरचा फोन दूर सारला. "कळलं असतं, असं होईल असं, तर मी... सात जण आहेत हो. रोज नावं मोजतो."

मित्सुएला त्याची कीव आली आणि रागही आला. पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. "सोमवार ते बुधवार साहो कुठं होती?"

"रजेवर. आईचं वर्षश्राद्ध होतं."

"मग नवा आकडा तिला कुणी कळवला?"

 चाळीस दिवसांत हा विचार मोरिवाकीच्या मनाला शिवलाच नव्हता. किंवा शिवला होता, आणि त्यानं तो झटकून टाकला होता.

"कुणी नाही," तो अगदी हळू म्हणाला.

"म्हणजे जे दार तिनं उघडलं म्हणून तिच्या बापाच्या शटरवर कागद चिकटतायत," मित्सुए उठत म्हणाली, "ते दार तिला उघडताच आलं नसतं."

३

लाँड्रीवाला भला माणूस होता. आपल्या फोटोनं काय आग लावली हे त्याला कळून चुकलं होतं, आणि तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्यानं कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. पडद्यावर वेळ होती दोन वाजून तीन मिनिटं. मित्सुएनं मनगटावर पाहिलं. दोन दहा.

"हे सात मिनिटं मागं आहे."

"गेल्या वर्षी वादळात वीज गेली होती ना, तेव्हापासून असेल. बघतं कोण? सायकली चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलाय मी."

म्हणजे म्हाताऱ्याचं घड्याळ बरोबर होतं. साहो दाराशी पोचली दहा एकतीसला. आगीची घंटा वाजून दोन मिनिटं झाली होती. फोटोत ती आग लावणाऱ्यासाठी दार उघडत नव्हती. दारातला तो काळोख धुराचा होता, आणि ती टोफूचं खोकं घेऊन पेटलेल्या घरासमोर उभी होती. मग तिनं खोकं खाली ठेवलं असणार, आणि बूट न काढता आत शिरली असणार.

मित्सुए लाँड्रीबाहेरच्या बाकावर बसली. समोर स्टुडिओची काळी पडलेली भिंत होती. तपासाच्या लोकांना तरी काय बोलणार? गुन्हेगार हाती लागला होता. दार कुणी उघडलं हा काही गुन्हा नव्हता, म्हणून कुणी त्याच्या मागं लागलं नाही. आणि जो गुन्हा नसतो त्याची शिक्षा लोक आपापसात वाटून देतात.

पण दार उघडं होतं, हे तर खरंच. आतून कुणीतरी उघडलं होतं.

अग्निशमन खात्यातला ओनिझुका तिचा जुना ओळखीचा. त्यानं गोदामातून एक पेटी आणून उघडली. "हे दाराच्या फटीत अडकवलेलं सापडलं. कागदाचा गठ्ठा. घट्ट बांधलेला कागद जळत नाही, बरं का मित्सुए, आतून नुसता भाजतो. आणि एक सांगू? आगीत वीज गेली तेव्हा त्या दाराचं कुलूप जाम झालं होतं. आतूनही उघडलं नसतं. पुढचं दार तर धगीत होतं. हा गठ्ठा नसता तर ते अकरा जण मला त्या दाराच्या आतल्या बाजूला सापडले असते."

"हे अहवालात आहे?"

"पान एकशे चार. तिथवर कोण वाचतं!"

मित्सुएनं हातमोजे चढवून गठ्ठा उलगडला. कडा कोळसा झाल्या होत्या, पण मधली पानं तपकिरी पडून शाबूत होती. पेन्सिलीनं काढलेली चित्रं. एक बाई छत्री मिटते आहे, पानापानाला हात जरासा खाली. प्रत्येकावर लाल पेन्सिलीची फुली, आणि समासात साहोचं अक्षर. 'मनगट आधी वळतं, बोटं नंतर.' 'पुन्हा.' 'जवळ आलीस, पुन्हा.'

नापास चित्रं होती ती. शिकाऊ हाताची.

मित्सुए वाचलेल्यांपैकी पाच-सहा जणांशी बोलली होती, म्हणून तिला ठाऊक होतं: या लोकांत कुणी दुसऱ्याचं चित्र जमिनीवर ठेवत नाही. पाय लागला तर माफी मागतात. दाराच्या फटीत कुणी गठ्ठा सरकवलाच, तर तो स्वतःच्याच नापास चित्रांचा.

आणि साहोच्या हाताखाली शिकणारी एकच होती.

४

कोमिया नात्सुमे, वय चोवीस, वाचलेल्यांपैकी. आईवडिलांच्या घरी ती पडदे ओढून बसलेली असे. पहिल्या भेटीत ती चारच वाक्यं बोलली होती. आज मित्सुएनं प्रश्न विचारला नाही. तिनं त्या एका पानाची प्रत तिच्यापुढं ठेवली. 'जवळ आलीस, पुन्हा.'

नात्सुमेनं ते वाचलं आणि पान उलटं करून ठेवलं.

"साहोताईला आकडा माहीत नव्हता," ती म्हणाली. पुढचं सगळं एका दमात बाहेर आलं. "मला सकाळी आठवलं. म्हटलं, येईल हात भरून आणि बाहेर ताटकळत उभी राहील. फोन केला तर सायकलवर उचलायची नाही. म्हणून मी दहा वाजून गेल्यावर दार उघडून गठ्ठा लावून ठेवला. पाचच मिनिटं, म्हटलं. जागेवर बसले. तेवढ्यात पायांचा आवाज आला. मला वाटलं, आलीच ती. मी वळून बघितलंसुद्धा नाही, मॅडम. मी न वळताच म्हटलं, आज उशीर केलास गं ताई."

ती थांबली. मित्सुएनं तिचा हात धरला नाही. काही वेळा माणसाला धरलं की ते बोलायचं थांबतं.

"मी त्याला ताई म्हटलं."

आतल्या खोलीत तिची आई तोंडावर हात घेऊन उभी होती.

"पुढं काय झालं?"

"धूर. मला काही दिसेना. मग कुणीतरी माझ्या कॉलरला धरलं. 'उठ गं, गाढवे!' साहोताईच. तिनं मला दाराबाहेर ढकललं, तिघांना अजून ढकललं, आणि परत वळली. मी तिचा शर्ट धरला होता. सोडवून घेतला तिनं. मी जोरात धरला नाही. मला जोरात धरता आला असता."

"आणि हे तू कुणालाच सांगितलं नाहीस."

"लोक म्हणत होते दार तिनं उघडलं. मी रोज ठरवायचे, आज सांगते. मग ते शटरवरचे फोटो बघितले, आणि वाटलं, हे माझ्या बाबांच्या दारावर येतील. मी तिला शिव्या खाऊ दिल्या. मेल्यावर. तिनं मला बाहेर काढलं आणि मी..." ती गुडघ्यात डोकं घालून बसली. "मला अटक करा ना, मॅडम. प्लीज."

मित्सुएनं पान एकशे चार तिच्यापुढं ठेवलं. कुलूप, गठ्ठा, अकरा जण. नात्सुमेनं वाचलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल, अशी मित्सुएची थोडी आशा होती. दिसली नाही.

"म्हणजे मी दार उघडं ठेवलं म्हणून सात गेले, आणि उघडं ठेवलं म्हणूनच अकरा वाचले?"

"तो माणूस दोन दिवस नदीकाठी बसून होता. मागचं दार मिळालं नसतं तर तो पुढून आला असता, असं एकदा म्हणाला. एकदा म्हणाला, परत गेलो असतो. खरं काय ते त्यालाही ठाऊक नसेल. मी तुला खोटं सांगणार नाही, पोरी. याचं गणित सुटत नाही. चौतीस वर्षांत मला तरी सुटलं नाही. पण अटक करण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. कुणीतरी येणार होतं, तिचे हात भरलेले असणार होते, म्हणून तू दार उघडं ठेवलंस. एवढंच तू केलंस."

"इनुईकाकांना सांगणार तुम्ही?"

"तू सांगणार आहेस," मित्सुए म्हणाली.

५

म्हाताऱ्यानं सगळं उभ्यानं ऐकलं. कढईखालचा गॅस त्यानं बंद केला तेवढाच. नात्सुमे दुकानाच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बसली होती.

"म्हणजे दार माझ्या टोफूसाठी उघडं होतं," तो म्हणाला.

मित्सुएला याचीच भीती होती. तिनं काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हातानंच थांबवलं.

"चाळीस दिवस मी तिच्यासाठी भांडतोय, बाई. ती निर्दोष आहे म्हणून. आता ती निर्दोष ठरली, आणि बघा, मला जरासुद्धा बरं वाटत नाहीये." तो नात्सुमेकडे वळला. आवाज चढला. "चाळीस दिवस! एक फोन करता आला नाही तुला? तिच्या चेहऱ्यावर लोक थुंकत होते!"

"हो, काका."

"हो काय! हो काय म्हणतेस!"

 म्हातारा ओट्याला धरून खाली बसला, तिच्याच समोर, त्याच ओल्या फरशीवर. मग त्यानं विचारलं, "शिवी दिली म्हणालीस ना तुला? काय म्हणाली?"

"गाढवे."

"हं." त्यानं नाक पुसलं. "तिच्या आईची शिवी ती. मला द्यायची ती."

आगीनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, तिथल्या रीतीनं सुतक फिटतं त्या दिवशी, नगरपालिकेच्या सभागृहात सातही घरची माणसं जमली. म्हाताऱ्यानं हट्टच धरला होता, की हे कुणा अधिकाऱ्यानं वाचून दाखवायचं नाही. काळ्या कोटात तो पुढं उभा राहिला, शेजारी नात्सुमे. त्यानं दाराचं सगळं सांगितलं, आकड्यापासून गठ्ठ्यापर्यंत. मोरिवाकीनं उठून फोनचं सांगितलं आणि मान खाली घालून उभाच राहिला. कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी खुर्ची सरकवून बाहेर गेलं.

"दार माझ्या मुलीसाठी उघडं ठेवलं होतं," तेत्सुजी शेवटी म्हणाला. "ज्याला जे बोलायचंय त्यानं मला बोलावं. या पोरीला नाही."

 मग दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. नानरी फुमिको. त्यांचा मुलगा आगीत वरच्या मजल्यावर दगावला होता.

"मला दाराचं काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी जिन्यापर्यंत पोचली होती ना? माझ्या ताकुमाला... म्हणजे वर जे होते, त्यांना कळलं होतं का, की कुणी येतंय?"

नात्सुमेनं मित्सुएकडे पाहिलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"ती हाका मारत होती," ती म्हणाली. "मी गल्लीत पडले होते, तिथं ऐकू येत होत्या. जिन्याजवळच्या टेबलापासून सुरू केल्या तिनं, ओळीनं, जसे सगळे बसायचे तशा. योशिओका. मग हारुए. मग ताकुमा, ताकुमाला दोनदा. मग मिझोगुची, मग रेन."

ती प्रत्येक नाव घेई तसतसं सभागृहात कुणीतरी मान खाली घाली. नानरीबाई उभ्याच होत्या. "दोनदा," त्या पुटपुटल्या, आणि बसल्या.

मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, हातात काठी. त्यांची नात खिडकीपाशी बसायची. इतक्या दिवसांत मित्सुएनं त्यांना एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं.

"आणि आमची चितोसे?" त्यांनी विचारलं.

 खोटं बोलणं फार सोपं होतं. सगळं सभागृह जणू नात्सुमेला खोटं बोल म्हणून विनवत होतं.

"नाही, आजोबा. रेननंतर आवाज बंद झाला."

आजोबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. 

"खिडकीचं टेबल शेवटचं," ते म्हणाले. "मग पुढचं नाव तिचंच होतं."